'जुं' आणि 'सो'

प्रत्येक गॅरेजमध्ये एक डबा असतो. कुठल्या गाडीतून उरले हे कुणालाच आठवत नाही, असे नटबोल्ट त्यात पडून असतात. आमच्या महाडच्या गॅरेजात तो डबा नाही, कारण एक बोल्ट जरी उरलेला दिसला तरी अण्णा गाडी परत खोलायला लावतात. त्यामुळे आमच्याकडे साठले ते किस्सेच. त्यांना जागा लागत नाही आणि अण्णांच्या नजरेलाही ते पडत नाहीत.

अण्णा म्हणजे आमचे उस्ताद. सत्तरी गाठली तरी हात थरथरत नाही. मी बाळकृष्ण, म्हणजे बाळ्या. पन्नाशीला आलो, गॅरेजच्या पाटीवर नाव माझं आहे, पण अण्णांच्या लेखी मी अजून शिकाऊच. शेजारच्या गाळ्यात सलीमभाईंचं लेथ मशीन. लोखंडाचं कातकाम त्यांच्याकडे, चहा आमच्याकडे, अशी वाटणी पंचवीस वर्षं चालू आहे.

गेल्या पावसाळ्याचे किस्से सगळे एकाच ट्रकचे आहेत. ते सांगताना मला आजही हसता हसता घाम फुटतो.

*

पण आधी अण्णांचं मौन समजून घ्या.

सील बसवायची वेळ आली की गॅरेजमध्ये कुणी बोलायचं नाही, असा त्यांचा नियम. जुन्या साडीच्या तुकड्यावर सगळे भाग काढल्याच्या क्रमाने मांडलेले असतात. अण्णा एकेक उचलतात, पुसतात, बसवतात. त्यांचं म्हणणं, सील बसताना मन दुसरीकडे गेलं की पाणी तिथूनच आत शिरतं.

एकदा एक गिऱ्हाईक स्कूटर उतारावर लावून आत आला आणि काही विचारू लागला. मी ओठांवर बोट ठेवलं. तो गप्प उभा राहिला. तेवढ्यात मला त्याच्या पाठीमागे स्कूटर स्टँडवरून निसटून हळूहळू मागे सरकताना दिसली. मी हातवारे केले. त्याला वाटलं, मी अजून शांत राहायला सांगतोय, म्हणून त्याने श्वाससुद्धा रोखला. सलीमभाई धावले तोवर स्कूटर गटारात.

सील बसलं. अण्णांनी हात पुसले आणि त्याला म्हणाले, "हं, बोला, काय काम होतं?"

"होतं," तो म्हणाला, "आता वाढलं."

*

आता ट्रक. पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे. पस्तीस उंबरे, निम्मी माणसं मुंबईत. वाडी आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक ओढा आहे. त्यावरचा साकव वाहून गेला. त्यानंतरच्या श्रावणात धोंडूदादाच्या थोरल्या भावाला छातीत दुखू लागलं. माणसं त्याला झोळीत घालून ओढ्याच्या काठी बसली, पाणी उतरायची वाट बघत. पाणी उतरलं, पण त्याआधी भाऊ गेला.

मग मुंबईतल्या वाडीकरांच्या मंडळाने लिलावातला एक जुना, चारही चाकांनी ओढणारा फोर-व्हील ट्रक घेतला आणि धोंडूदादाला ड्रायव्हर केलं. धोंडूदादा जन्मभर शेतकरी, शेवटच्या बैलजोडीपर्यंत बैल राखलेला माणूस. ट्रक चालवायला पन्नाशीत शिकला. तो गाडी आमच्याकडे घेऊन आला, कारण पुढची चाकं कायम इंजिनाला जोडलेली होती. स्टिअरिंग वळवताना खांदे भरून यायचे, आणि डिझेल तर गाडी पाण्यासारखं प्यायची.

उपाय म्हणजे हब. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध बसणारी वाटीएवढी लोखंडी डबी, वर हाताने फिरवायची कळ. कळ 'लॉक'वर नेली की चाक इंजिनाच्या ओढीला जोडलं जातं. 'फ्री'वर नेली की नुसतं गाडीबरोबर घरंगळतं. मुंबईच्या भंगारातून एक जोडी मिळाली. ती दोन मिलिमीटर कमी बसत होती, तर सलीमभाईंनी त्यासाठी रिंग कातून दिली.

अण्णांना चिंता एकच, पाण्याची. ते मला म्हणाले, "बाळ्या, ह्या डबीत पाणी गेलं तर आज काय कळायचं नाय. ज्या दिवशी गरज पडंल, त्याच दिवशी दगा देईल." भावाची गोष्ट धोंडूदादाने सांगितल्यापासून त्यांचा चहासुद्धा निवून जायचा.

*

सील तपासायला आम्ही ट्रक दासगावच्या बाजूला सावित्रीच्या काठावर नेला. उतारावरून पुढची चाकं बुडतील इतका पाण्यात घातला. पंधरा मिनिटं उभा ठेवायचा, मग बाहेर काढून हब खोलायचं. अण्णा, सलीमभाई, धोंडूदादा आणि मी, चौघंही ट्रकवरच बसलो होतो.

सातव्या मिनिटाला सलीमभाई हळूच म्हणाले, "अण्णा, तो ओंडका मघाशी तिकडे होता."

सावित्रीत मगरी आहेत हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक. ओंडक्याला डोळे होते. मी चावीला हात घातला तर अण्णांनी माझं मनगट धरलं. अजून आठ मिनिटं बाकी आहेत, म्हणाले. त्या आठ मिनिटांत मला माझी आई, माझी बायको आणि गॅरेजचा भाडेकरार हे सगळं आठवलं. अण्णा घड्याळाकडे बघत होते आणि मगर आमच्याकडे.

पंधरा पूर्ण झाल्यावर ट्रक बाहेर काढला. हब खोललं तर आतल्या ग्रीसचा दुधाळ चहा झालेला. अण्णांनी त्या चहात बोट बुडवून बघितलं. मग म्हणाले, "मगर नाय आली. पाणी आलं."

*

दोष सीलचा नव्हता, हे अण्णांनी दोन दिवसांनी शोधलं. महाडपासून ब्रेक मारत आलेली गाडी, तापलेलं हब, आणि ते एकदम गार पाण्यात घातलेलं. आतली हवा आकसते आणि हब बाहेरचं पाणी शोषून घेतं. म्हणून नवा नियम निघाला: पाण्यात शिरण्याआधी थांबायचं, हबला तळहात लावायचा, ताप उतरला असेल तरच पुढे जायचं.

'ताप' हा शब्द अण्णांनीच वापरला. तो महागात पडेल हे तेव्हा कळायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात धोंडूदादा आला तेव्हा दोन्ही हबवर ओल्या फडक्याच्या घड्या. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, पोरांना ताप आला की आम्ही कपाळावर पट्टी ठेवतो, तसंच.

मी हसलो. अण्णांनी मला झापलं आणि गॅरेजमधलं एक स्वच्छ फडकं त्याला दिलं.

*

पट्टीपर्यंत ठीक होतं. त्याच महिन्यात ट्रक वाडीच्या खालच्या वळणावर चिखलात फसला. डाव्या अंगाला दरी. धोंडूदादाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. तो म्हणाला, पुढची चाकं ओढतच नायत, गाडी कडेला सरकतेय. मी विचारलं, कळ कुठे आहे?

"फ्रीवर," तो म्हणाला. "चिखलात चाक मोकळंच सोडायचं ना, मिस्त्री? लॉक म्हंजे कुलूप. कुलपातलं चाक फिरंल कसं?"

बोलण्यात त्याचं काहीच चुकत नव्हतं. मी सांगितलं तशी त्याने कळ फिरवली, गाडी बाहेर निघाली. पण चाकाखालचा दगड दरीत गेलेला मला फोनवर ऐकू आला.

अण्णांनी धोंडूदादाला दुसऱ्या दिवशी बोलावलं. इंग्रजी शब्द कानशीने घासून काढले आणि विचारलं, "बैल कामाला लावतोस तेव्हा काय म्हणतोस?"

"जुंपलं."

"आणि काम झालं की?"

"सोडलं."

झालं. लॉकच्या जागी 'जुं' आणि फ्रीच्या जागी 'सो' असं ठरलं. लोखंडावर मराठी अक्षरं कोरायची तर बाजारात भांड्यांवर नावं घालून देणाऱ्याकडे जायला हवं. मी दोन्ही कळी घेऊन गेलो. त्याने अक्षरं छान वळणदार कोरली, वर एक वेलबुट्टीही काढून दिली. मग हसत विचारलं, "लग्नाची भेट दिसतेय. मुलगा सोपान असणार. 'जुं'वरून मुलीचं नाव काय हो?"

*

त्यानंतर धोंडूदादाकडून एकदाही चूक झाली नाही. चूक झाली ती माझ्याकडून.

ट्रकची चाचणी घ्यायला मी गॅरेजमागच्या पाणथळ शेतात शिरलो आणि उजवं चाक जुंपून डावं विसरलो. गाडी जागच्या जागी रुतत गेली. धोंडूदादा बांधावर उभा होता. तो चिखलात उतरला, डावी कळ फिरवली आणि मला गाडीतून खाली यायला लावलं. आयुष्यात इतकं शांतपणे मला कुणी रागावलेलं नाही.

"मिस्त्री, एकट्या बैलावर ओढ टाकू नये," तो म्हणाला. "त्याच्यासारखं पाप नाय."

मी चाकाची माफी मागितली. खरंच मागितली. सलीमभाई साक्षीला आहेत.

*

एक गोष्ट मात्र आम्हाला उमगत नव्हती. ट्रक सोमवारी कधीच यायचा नाही. मंगळवारी येईल, रविवारी येईल. सोमवारचं विचारलं की धोंडूदादा म्हणायचा, "सुट्टी हाय." कुणाला, ते सांगायचा नाही. मी म्हणालो, दादा रविवारी जरा जास्त घेत असतील. अण्णांनी तेही ऐकून घेतलं नाही. सलीमभाई म्हणाले, मुंबईच्या मंडळाने गाडीला साप्ताहिक सुट्टी दिली असेल. आम्ही हसलो आणि विषय सोडून दिला.

*

श्रावणात अण्णांनी हट्ट धरला. महिना झाला, हब खोलून बघायलाच हवं, त्यांना झोप येत नव्हती. आम्हाला सवड सोमवारची होती, त्या दिवशी ट्रक येणार नाही, म्हणून आम्हीच वर निघालो. ओढ्यापर्यंत सलीमभाईंची रिक्षा, मग गुडघाभर पाण्यातून पायी. अण्णा सत्तर वर्षांचे, पण काठावर आधी तेच पोचले.

ट्रक धोंडूदादाच्या अंगणात उभा होता. अण्णांनी जमिनीवर साडीचा तुकडा पसरला. उजव्या हबचे सहा बोल्ट काढले, झाकण काढलं, आतली सर्क्लिप, म्हणजे चक्र धरून ठेवणारी खाचेतली कडी, काढली, दातेरी चक्र बाहेर काढलं. ग्रीस सोन्यासारखं पिवळं, पाण्याचा टिपूस नाही. अण्णा महिन्याभरात पहिल्यांदा हसले. मग चाकाला लावलेला दगड त्यांना आड येत होता, तो सरकवायला त्यांनी हात घातला.

हात मागे घेतला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "फुरसं हाय."

तळहाताच्या कडेला दोन टिंबं होती. फुरसं दगडाच्या फटीत वेटोळं करून करवतीसारखं खसखसत होतं.

वाडीतली बाया-माणसं धावली. कुणी दोरी आणली, कुणी वरच्या आळीतल्या भगताचं नाव काढलं. सलीमभाईंनी दोरी काढून घेतली, हाताला फळी लावून सैल फडक्याने बांधलं आणि हात हलवू नका म्हणून अण्णांना बजावलं. दवाखान्यात औषध होतं, पण दवाखाना ओढ्याच्या पलीकडे, आणि वर डोंगरात सकाळपासून पाऊस लागलेला. खालून एकजण ओरडत आला, पाणी कमरेच्या वर गेलंय.

आता ट्रकशिवाय मार्ग नव्हता. आणि ट्रकचं उजवं हब साडीच्या तुकड्यावर सुटं पडलेलं.

अण्णा ओट्याला टेकून बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. मग मला कळलं, सील बसवायची वेळ होती, आणि ते नियम पाळत होते. मी वळून ओरडलो, कुणी बोलू नका. सगळी वाडी गप्प झाली. नुसता ओढ्याचा आवाज.

पंचवीस वर्षांत त्यांनी मला एकही सील एकट्याला बसवू दिलं नव्हतं. चक्र बसवलं. सर्क्लिप दोनदा निसटली, तिसऱ्यांदा खाचेत बसली. झाकणाच्या सांध्याला लावायचं सिलिकॉन सुकायला वेळ नव्हता, म्हणून नव्या कागदी गॅसकेटला दोन्ही अंगांनी ग्रीस लावलं. सहा बोल्ट समोरासमोरचे आवळले. शेवटी साडीच्या तुकड्यावर बघितलं तर तो रिकामा होता. अण्णांनीही बघितलं, आणि मगच ते उठले. तोवर त्यांचा हात मनगटापर्यंत सुजला होता.

उतारावरून आम्ही ओढ्यापाशी आलो. पाणी मातकट, फेसाळ, पलीकडचा चढ नुसता चिखल. इथे चाकं जुंपल्याशिवाय सुटका नव्हती. धोंडूदादा खाली उतरला, उजव्या चाकापाशी उकिडवा बसला, कळीजवळ हात नेला आणि थांबला.

मला वाटलं, ताप बघतोय. माझा तोल गेला. अण्णांच्या हिरडीतून रक्त येऊ लागलं होतं. मी खाली उडी मारली आणि ओरडलो, "दादा, राहू दे तो ताप! ग्रीस बदलता येतं, अण्णा कुठून आणणार?"

त्याने मान वर केली. तो रडत होता.

"ताप नाय बघत, मिस्त्री. आज सोमवार हाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सोमवार महादेवाचा. त्यांच्याकडे नंदीच्या मानासाठी सोमवारी बैल जुंपत नाहीत, बापजाद्यांपासून नाही. त्या कळीवर 'जुं' लिहिलेलं होतं. ते आम्हीच लिहिलं होतं, वेलबुट्टीसकट. तो मुद्दाम अडवत नव्हता. भाऊ ह्याच काठावर गेला होता आणि अण्णांसाठी त्याने स्वतःचा जीव दिला असता, पण त्याचा हातच पुढे जात नव्हता.

मी कळीला हात घालणार, तेवढ्यात सलीमभाईंनी मला बाजूला सारलं. धोंडूदादाच्या शेजारी बसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा, सोमवार तुझा," ते म्हणाले. "माझा वार शुक्रवार. सरक, मी जुंपतो."

कळ फिरली. सलीमभाई डाव्या चाकाकडे जायला उठले, पण धोंडूदादा त्यांच्या आधी तिकडे पोचला होता. त्याने डाव्या हबला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि कळ स्वतः फिरवली.

"एकट्यावर कशी ओढ टाकू?" एवढंच म्हणाला.

ट्रक पाण्यात शिरला. पाणी बंपरवर आलं, मग दिव्यांवर. मधोमध मागची चाकं घसरली आणि गाडी प्रवाहाबरोबर हातभर तिरकी झाली. धोंडूदादा बैलांना घालतात तशी जिभेने टकटक साद घालत होता. मी डोळे मिटून मोजत होतो: सर्क्लिप, चक्र, गॅसकेट, सहा बोल्ट. मग पुढून एक हिसका बसला. पुढच्या चाकांना दगड लागला होता. दोघांनी मिळून गाडी चिखलाच्या चढावर ओढून काढली.

*

अण्णा वाचले. मंगळवारी दुपारी डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला पहिलं विचारलं ते हबचं. दवाखान्याच्या आवारातच खोलून बघितलं होतं मी. ग्रीस पिवळं होतं. सांगितलं तर नुसते "हं" म्हणाले, पण पंचवीस वर्षांत एवढं मोठं "हं" मला मिळालं नव्हतं.

थोड्या वेळाने धोंडूदादा आला. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, पायाला चिखल. आदल्या संध्याकाळी तो ट्रक आवारातल्या आंब्याखाली ठेवून गेला होता. पाणी उतरल्यावर ओढा ओलांडून बारा किलोमीटर चालत वाडीत, आणि आज परत तेवढंच चालत इथे. मला वाटलं, काळजीपोटी गाडीचं भान राहिलं नसेल.

तो अण्णांपाशी तासभर बसला. जायला निघाला तेव्हा अण्णांनी मला खूण केली. मी खिशातून ट्रकची चावी काढून त्याच्यापुढे धरली. म्हटलं, दादा, आता परत पायी जाऊ नका, गाडी घेऊन जा.

त्याने चावी घेतली नाही. खिडकीतून आंब्याखाली बघितलं.

"आज नको," तो म्हणाला. "काल राबलं दोघं. त्यांचा सोमवार आज हाय."